विजयानंतरचा उन्हाळा

इंग्लंडमध्ये फुटबॉलचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि मे महिन्यात संपतो. मधल्या दोन-अडीच महिन्यांत मैदाने ओस पडतात. बाजार मात्र याच दिवसांत तेजीत असतो. संघ आपले खेळाडू विकतात, दुसऱ्यांचे विकत घेतात, काहींचे करार वाढवतात, काहींना निरोप देतात. आपल्याकडे चातुर्मासात साधू-साध्वी एका गावी स्थिर होतात. तिकडे साधारण त्याच सुमारास खेळाडू गाव बदलतात. सामान्य प्रेक्षकाच्या हाती या काळात काहीच नसते. सकाळी वर्तमानपत्र उघडावे, कोण गेला आणि कोण आला ते पाहावे आणि त्यावर आपले मत द्यावे, एवढाच त्याचा अधिकार. तो संघाचा मालक नाही, भागीदार नाही आणि मुनीमही नाही. तरीही ‘आमचा संघ’, ‘आमचा खेळाडू’, ‘आम्ही त्याला विकायला नको होते’ अशीच त्याची भाषा असते.

या भाषेकडे जैन दृष्टीने पाहिले तर ती ममत्वाची भाषा ठरते. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून केलेली नाही. वस्तूविषयीच्या आसक्तीवरून केली आहे. त्या कसोटीवर फुटबॉलचा चाहता मोठाच परिग्रही म्हटला पाहिजे. त्याच्या नावावर संघाचा एक रुपयाही नाही आणि मनात मात्र सारा संघ आहे. तेव्हा उन्हाळ्यातील त्याची सारी कुरकुर हा निव्वळ मोह, असे म्हणून विषय संपवता येईल काय? की त्या कुरकुरीत कधी कधी असा एखादा हिशेब दडलेला असतो, जो वहीत लिहिला जात नाही? व्यापारी घरांनी विचारात घ्यावा असा हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी लेस्टर सिटी या संघाच्या 2016 च्या उन्हाळ्याइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

लेस्टर हे नाव जैन वाचकांना अपरिचित नसावे. युगांडाच्या इदी अमीनने 1972 मध्ये आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने तिकडच्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन ‘आमच्या शहरात येऊ नका’ असे कळवले होते. तरीही हजारो कुटुंबे आली. त्यांत व्यापारी गुजराती घरे बरीच होती आणि जैनही होते. बेलग्रेव्ह रोडच्या परिसरात दुकाने उभी राहिली, पेढ्या उभ्या राहिल्या. पुढे या समाजाने शहरातील एक जुनी चर्चची वास्तू घेऊन तिचे जिनमंदिरात रूपांतर केले. 1988 मध्ये तेथे प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर देरासर, दिगंबर मंदिर आणि स्थानकवासी उपाश्रय एकाच छताखाली असलेली ही वास्तू आजही ऑक्सफर्ड स्ट्रीटवर उभी आहे. फुटबॉलचे मैदान तेथून फार दूर नाही. त्यामुळे लेस्टरच्या संघाची गोष्ट ही आपल्याच लोकांच्या गावातील गोष्ट आहे.

2015-16 च्या हंगामात या संघाने इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली. आदल्या वर्षी हाच संघ खालच्या गटात घसरता घसरता वाचला होता. हंगामाच्या आरंभी सट्टेबाजांनी त्याच्या विजेतेपदाचा भाव एकास पाच हजार असा लावला होता. सप्तव्यसनांत द्यूताचे स्थान पहिले, तेव्हा त्या भावाचे कौतुक नको. पण जगाच्या लेखी या संघाची किंमत काय होती, ते त्या आकड्यावरून कळते. प्रत्यक्षात लेस्टरने 38 सामन्यांत 23 विजय मिळवले, 12 बरोबरीत सोडवले आणि केवळ 3 गमावले. 81 गुण मिळवून तो दुसऱ्या क्रमांकाच्या आर्सेनलच्या 10 गुण पुढे राहिला.

या यशामागे मोठी रक्कम नव्हती, पारख होती. आघाडीवर खेळणारा जेमी वार्डी 2012 मध्ये फ्लीटवूड या बिगरलीग संघाकडून सुमारे 10 लाख पौंडांना घेतलेला. उजव्या बगलेवरचा रियाद महरेझ फ्रान्समधील दुसऱ्या श्रेणीच्या ल हाव्र संघातून सुमारे 4 लाख पौंडांना आणलेला. ख्रिस्तियान फुक्स आणि मार्क ऑलब्रायटन यांच्यासाठी तर हस्तांतराची रक्कमच द्यावी लागली नव्हती. त्यांचे जुने करार संपले होते. बचावफळीतला रॉबर्ट हूट सुमारे 30 लाखांचा. मोठ्या संघांच्या तुलनेत ही सारी किरकोळ खरेदी होती. मोठ्या पेढ्यांनी नाकारलेला किंवा त्यांच्या नजरेतच न आलेला माल निवडून आणायचा, ही त्या संघाची रीत. निवडणाऱ्या मंडळींत प्रमुख होता स्टीव्ह वॉल्श. तो संघाचा साहाय्यक प्रशिक्षक होता आणि नवे खेळाडू हेरण्याचे कामही त्याच्याकडे होते.

याच रीतीने 2015 च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या काँ संघाकडून एन्गोलो कान्ते नावाचा मध्यरक्षक आला. किंमत सुमारे 56 लाख पौंड. अंगाने लहानखुरा, बोलण्यात संकोची. त्या हंगामात त्याने प्रतिस्पर्ध्यांच्या पायातून चेंडू काढून घेण्याचे 175 यशस्वी प्रयत्न केले आणि 156 वेळा त्यांचे पास मध्येच अडवले. लेस्टरचा सारा खेळ या एका कामावर उभा होता. संघ मागे सरून, दाटीने उभा राहून बचाव करी. कान्ते चेंडू हिसकावून शेजारच्या डॅनी ड्रिंकवॉटरकडे देई, ड्रिंकवॉटर तो लांबवर टाकी आणि वार्डी वाऱ्यासारखा धावत सुटे. हूट आणि वेस मॉर्गन हे मधले दोघे बचावपटू वयाने बत्तिशीचे आणि पळायला संथ. त्यांच्या पुढ्यात कान्ते असल्यामुळे ती उणीव कोणाला दिसत नसे. लेस्टर मध्यभागी तिघांना खेळवतो, मधोमध ड्रिंकवॉटर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कान्ते, असा विनोद त्या वर्षी सर्वत्र प्रसिद्ध होता.

विजेतेपदानंतर उन्हाळा आला आणि बाजार उघडला. येथून पुढे चाहत्याच्या मतांना आरंभ होतो.

पहिली बातमी सुखाची होती. आर्सेनलने वार्डीला मागणी घातली. मोठा संघ, मोठे शहर, मोठा पगार. वार्डीने विचार करून नकार दिला आणि लेस्टरशी नवा करार केला. महरेझनेही ऑगस्टमध्ये करार वाढवून घेतला. गावात आनंद झाला. चाहत्यांच्या दृष्टीने वार्डी हा घरच्या माणसाप्रमाणे वागला होता. ज्या संघाने त्याला बिगरलीगमधून उचलले, त्याचे ऋण त्याने मानले, अशी सर्वांची भावना होती.

दुसरी बातमी जुलैच्या मध्याला आली. कान्ते सुमारे 3 कोटी 20 लाख पौंडांना चेल्सीकडे गेला. येथे चाहत्यांत दोन पक्ष पडले. एका पक्षाचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. 56 लाखांची वस्तू वर्षभरात साडेपाच पटींहून अधिक भावाने गेली. असा सौदा कोण नाकारील? शिवाय खेळाडूलाच जायचे असेल तर त्याला बांधून ठेवण्यात काय अर्थ? दुसरा पक्ष म्हणत होता की पैशाची निकड तर मुळीच नव्हती. त्याच वर्षापासून प्रीमियर लीगचा दूरचित्रवाणीचा नवा करार सुरू होत होता; इंग्लंडपुरत्या प्रक्षेपणहक्कांसाठीच तीन वर्षांचे 500 कोटी पौंडांहून अधिक मिळणार होते. त्यात लेस्टर प्रथमच युरोपातील चॅम्पियन्स लीग खेळणार होता. तिजोरी भरलेली असताना घराचा खांब का विकावा? आणि ज्या खांबावर छप्पर तोलले आहे, त्याच्या जागी काय उभे करणार?

या वादात तिसऱ्या बातमीकडे अनेकांचे दुर्लक्ष झाले. त्याच जुलैत स्टीव्ह वॉल्श लेस्टर सोडून एव्हर्टन संघाच्या मोठ्या पदावर गेला. तो मैदानात उतरणारा खेळाडू नव्हता. त्याच्या नावाचे शर्ट कोणी विकत घेत नव्हते. पण व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर उन्हाळ्यातील सर्वांत मोठी हानी हीच होती. दुकानातील सर्वांत मोलाचा दागिना विकला गेला तर पारखी पुन्हा तसा दागिना शोधून आणू शकतो. पारखीच गेला तर मागे उरते फक्त रोकड. आणि पारखेवाचून हाती आलेली रोकड ही संधीपेक्षा जोखीमच अधिक असते.

ती जोखीम लगेच दिसू लागली. मॉस्कोच्या संघाकडून अहमद मुसा सुमारे 1 कोटी 60 लाख पौंडांना घेतला गेला. नीसकडून नाम्पालिस मेंडी सुमारे 1 कोटी 30 लाखांना आला. कान्तेची जागा त्याने भरून काढावी अशी अपेक्षा होती. खरेदीची मुदत 31 ऑगस्टला संपत होती. त्या दिवशी लिस्बनच्या स्पोर्टिंग संघाचा आघाडीपटू इस्लाम स्लिमानी सुमारे 2 कोटी 80 लाख पौंडांना घेतला गेला. तोवरच्या इतिहासातील ती लेस्टरची सर्वांत मोठी खरेदी ठरली. त्या वर्षी त्याच दिवसांत श्वेतांबर परंपरेतील पर्युषण चालू होते. एकाच शहरात एका वास्तूत श्रावक आपल्या गरजांना मर्यादा घालण्याचा विचार करीत होते आणि थोड्या अंतरावर एक पेढी आलेला पैसा शेवटच्या घटकेपर्यंत खर्च करीत होती. केवळ या तिघांवर साडेपाच कोटी पौंडांहून अधिक रक्कम गेली. विजेत्या संघातील अनेकांची एकत्र किंमतही त्याच्या आसपास पोहोचत नव्हती.

यावर चाहत्याचे मत काय होते? नवे खेळाडू वाईट आहेत, असे तो म्हणत नव्हता. स्लिमानी उंचीवरून येणाऱ्या चेंडूवर डोक्याने गोल करणारा समर्थ खेळाडू होता. मुसा अत्यंत चपळ होता. शंका निराळी होती. हे दोघेही आघाडीचे, आणि आघाडीला वार्डी आहेच. मग जिथे भोक पडले आहे तिथे ठिगळ कुठे आहे? ज्याच्यावर ती भिस्त होती, त्या मेंडीला हंगामाच्या आरंभीच घोट्याची दुखापत झाली आणि त्या वर्षी तो लीगमध्ये नाममात्रच खेळू शकला. नावाजलेला माल आणणे आणि आपल्या गिऱ्हाइकाला लागणारा माल आणणे यांतला फरक कोणत्याही किराणा व्यापाऱ्याला सांगावा लागत नाही. लेस्टरच्या प्रेक्षकाला तो कळत होता, कारण त्याने मागील वर्षभर आपला संघ दर आठवड्याला डोळ्यांनी पाहिला होता.

पुढे जे घडले ते सर्वश्रुत आहे. 13 ऑगस्टला हंगामाच्या पहिल्याच सामन्यात विजेता लेस्टर हल सिटीकडून 2-1 असा हरला. हलकडे त्या वेळी कायम प्रशिक्षक नव्हता आणि तंदुरुस्त अनुभवी खेळाडू जेमतेम संघापुरते होते. ऑक्टोबरमध्ये चेल्सीने लेस्टरला 3-0 असे हरवले. त्या सामन्यात कान्ते समोरच्या बाजूला होता. मध्यभाग मोकळा पडल्याने हूट आणि मॉर्गन यांची संथ चाल उघडी पडली. वार्डीपर्यंत चेंडू पोहोचेना. लीगमध्ये दुसऱ्याच्या मैदानावरचा पहिला विजय मिळायला मार्च उजाडला. फेब्रुवारीत संघ घसरणीच्या रेषेच्या केवळ एक गुण वर होता. 23 फेब्रुवारी 2017 रोजी प्रशिक्षक क्लाउडिओ रानिएरी यांना काढून टाकण्यात आले. विजेतेपदाला अजून दहा महिनेही झाले नव्हते. तिकडे कान्तेचा चेल्सी 93 गुणांसह विजेता झाला आणि कान्ते वर्षाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. लागोपाठच्या दोन वर्षी दोन निराळ्या संघांकडून खेळून इंग्लंडचे विजेतेपद मिळवणे ही फार दुर्मिळ गोष्ट. गोलरक्षक सोडले तर कान्तेपूर्वी ते एरिक कँटोनाला 1992 आणि 1993 मध्ये साधले होते.

आता याच वर्षाची वही उघडून पाहावी. 31 मे 2017 रोजी संपलेल्या आर्थिक वर्षात लेस्टर क्लबला 9 कोटी पौंडांहून अधिक करपूर्व नफा झाला. त्याच्या इतिहासातील तो विक्रम होता. चॅम्पियन्स लीगचे उत्पन्न, दूरचित्रवाणीचा पैसा आणि कान्तेची विक्री, सारे जमेच्या बाजूला आले. म्हणजे ज्या वर्षी संघ बुडता बुडता वाचला, ज्या वर्षी विजय मिळवून देणाऱ्या प्रशिक्षकाला जावे लागले, त्याच वर्षाचा ताळेबंद सर्वांत देखणा होता. वही खोटी नव्हती. तिच्यात जे लिहायचे असते तेवढे तिने नेमके लिहिले होते. कान्तेच्या जाण्याने ड्रिंकवॉटर किती उणा झाला, मॉर्गनचे वय किती वाढले, वॉल्शच्या जाण्याने पुढच्या खरेदीतील चूक किती महाग पडेल, यांसाठी खतावणीत खाते नसते. ते खाते चाहत्याच्या मनात होते. जुलैत त्याने जी कुरकुर केली, ती या न लिहिलेल्या खात्याची नोंद होती.

तथापि चाहत्याचे सारेच म्हणणे स्वीकारावे असे नाही. काही चाहत्यांच्या दृष्टीने कान्तेचे जाणे कृतघ्नपणाचे होते. वार्डी थांबला, मग त्याला थांबता आले नसते काय? येथे मोह बोलतो. पंचविशीतला एक तरुण, ज्याने खालच्या श्रेणीच्या मैदानांवर उमेदवारी केली, त्याला अधिक मोठ्या ठिकाणी खेळावेसे वाटले, यात अधर्म काहीच नाही. त्याने करार मोडला नाही, दगा दिला नाही; त्याच्या जुन्या संघालाही भरपूर मोबदला मिळाला. आणि हा मनुष्य पैशाच्या हव्यासाने गेला म्हणावे, तर इतक्या कमाईनंतरही तो साधी छोटी मिनी मोटार चालवत राहिला, हे सर्वांना ठाऊक आहे. परिग्रहाला स्वतःहून मर्यादा घालणारा माणूस आपल्या व्याख्यानांतून जसा वर्णिला जातो, त्याच्याशी कान्तेचे राहणे बरेच जुळते.

आपल्या घरांतही हा प्रसंग आता नवा राहिलेला नाही. तीन पिढ्यांची अडत असते आणि नातू पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरी धरतो. वीस वर्षे विश्वासाने काम केलेला दिवाणजी स्वतःचे दुकान टाकतो. घरात पहिली प्रतिक्रिया उमटते ती दुखावल्याची: इतके केले, तरी गेला. जाणाऱ्याचा दोष शोधण्यात महिने जातात आणि त्या महिन्यांत ‘तो जे करीत होता ते आता कोण करणार’ हा खरा प्रश्न तसाच पडून राहतो. लेस्टरच्या चाहत्यांत जे कान्तेला बोल लावत बसले, त्यांच्या मतातून काही निष्पन्न होण्याजोगे नव्हते. ज्यांनी ‘त्याच्या जागी कोण?’ असे विचारले, त्यांच्याच मताला मोल होते. आसक्ती आणि आस्था बाहेरून सारख्या दिसतात. आसक्ती गेलेल्या माणसाकडे पाहत राहते. आस्था रिकाम्या जागेकडे पाहते.

रानिएरींच्या बाबतीत मात्र बहुतेकांचे मन हळहळले. पद गेले तरी त्यांनी दिलेला विजय पुसला जात नाही, हे इतर संघांच्या प्रशिक्षकांनीही मानले. चेल्सीने पूर्वी काढून टाकलेल्या आणि त्या वेळी मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक असलेल्या जोझे मोरिन्यो यांनी दुसऱ्याच दिवशी रानिएरींची आद्याक्षरे छातीवर लावून पत्रकारांना तोंड दिले. प्रशिक्षक बदलल्यावर संघ सावरला आणि बाराव्या स्थानावर थांबला, हेही खरे. पण उन्हाळ्यात चुकलेल्या खरेदीची किंमत हिवाळ्यात एका वृद्ध माणसाने एकट्याने मोजली, ही खंत राहिलीच.

या संघाने त्या उन्हाळ्यापासून धडा घेतला, हे नोंदवणे न्यायाचे होईल. जानेवारी 2017 मध्ये बेल्जियममधील गेंक संघातून विल्फ्रेड एन्डिडी हा वीस वर्षांचा मध्यरक्षक आणला गेला आणि कान्तेने सोडलेली जागा पुष्कळ अंशी भरली. 2019 मध्ये हॅरी मॅग्वायर हा बचावपटू 8 कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेडला विकला गेला. बचावपटूसाठी तोवर जगात कोणी इतकी किंमत दिली नव्हती. या वेळी मात्र हाती आलेली रक्कम घाईने उधळली गेली नाही. त्याच्या जागी खेळेल असा चालार सोयुंजू एक वर्ष आधीच घेऊन ठेवलेला होता. त्या हंगामात लेस्टर पाचवा आला. 15 मे 2021 रोजी वेम्ब्लीवर त्याने चेल्सीला 1-0 असे हरवून इतिहासातील पहिला एफ.ए. चषक जिंकला. समोरच्या संघात कान्ते होता.

पण सुबत्तेची परीक्षा एकदाच होत नाही. चषकानंतरच्या वर्षांत पगार वाढत गेले, नव्या खरेदीतील बरीच अंगावर पडली. 2021-22 या वर्षी 9 कोटी पौंडांहून अधिक तोटा झाला. 2017 मध्ये जवळजवळ जेवढा आकडा नफ्याच्या बाजूला होता, तेवढाच आता उलट्या बाजूला उभा राहिला. 2022 च्या उन्हाळ्यात हात आखडावा लागला. अकरा वर्षे गोल राखणारा कप्तान कॅस्पर श्माइकेल गेला आणि त्याच्या जागी राखीव गोलरक्षकच पुढे केला गेला. वेस्ली फोफाना सुमारे 7 कोटींना चेल्सीकडे गेला. पैसे आले, पण ते जुनी भोके बुजवण्यात गेले. पुढील वर्षी पगाराचा खर्च एकूण उत्पन्नापेक्षाही अधिक झाला. युरी टिलेमान्स आणि सोयुंजू यांच्यासारख्या खेळाडूंचे करार वेळेवर वाढवले गेले नाहीत आणि विकलेही गेले नाहीत. मुदत संपताच ते एक पौंडही न देता निघून गेले. ज्या मालाला काल गिऱ्हाईक होते तो आज शून्य किमतीला गेला. मे 2023 मध्ये लेस्टर 34 गुणांसह अठराव्या स्थानावर राहून खालच्या गटात गेला. विजेतेपदाला तेव्हा सात वर्षे झाली होती.

पुढल्याच वर्षी संघ वर आला आणि 2025 मध्ये पुन्हा खाली गेला. त्या साऱ्या चढउतारांत एक माणूस जागच्या जागी होता. आर्सेनलला नकार दिलेला वार्डी. 18 मे 2025 रोजी इप्सविचविरुद्ध तो लेस्टरसाठी 500 वा सामना खेळला आणि त्यात त्याने 200 वा गोल केला. तो त्याचा या संघासाठी अखेरचा सामना ठरला. संघ आधीच घसरलेला होता, तरी मैदान निरोपासाठी आले होते. तेरा वर्षांपूर्वीच्या 10 लाख पौंडांच्या त्या खरेदीने काय दिले, त्याचा मेळ कोणत्याही रोजमेळात बसणार नाही.

वार्डी राहिला म्हणून तो श्रेष्ठ आणि कान्ते गेला म्हणून तो उणा, असा निवाडा करण्याचे कारण नाही. राहणे आणि जाणे दोन्ही आपापल्या जागी योग्य असू शकते. संघाची परीक्षा निराळी होती. राहणाऱ्याचा मान राखणे, जाणाऱ्याला मोकळ्या मनाने निरोप देणे आणि रिकामी जागा वेळीच ओळखणे, या तीन गोष्टी जेव्हा साधल्या तेव्हा संघ तरला. 2016 च्या उन्हाळ्यात तिसरी गोष्ट राहिली. आणि ती राहिली कारण पैसा होता. टंचाईत माणूस प्रत्येक खरेदी दहा वेळा तपासतो. भरभराटीत त्याला वाटते, पैसा आहे, चूक झाली तर भरून काढू. श्रावकाने परिग्रहाचे परिमाण आधीच ठरवून ठेवावे, असे व्रत आपल्याकडे सांगितले आहे, ते याच क्षणासाठी. लाभ झाल्यावर मर्यादा ठरवायला बसले तर लाभच मर्यादा ठरवतो.

दिवाळीला वहीपूजन होते, नव्या वहीवर शुभलाभ लिहिले जाते. त्यापूर्वी घरातील कर्त्या माणसाने गेल्या वर्षाचा आणखी एक हिशेब एकट्याने बसून घालावा. या वर्षी पेढीवरून कोण गेले? ते नेमके काय करीत होते, पगारपत्रकात लिहिलेले आणि न लिहिलेलेही? ते काम आज कोण करतो? आणि मालाची, माणसाची पारख असलेले जे कोणी दुकानात आहेत, त्यांना आपण शेवटचे कधी विचारले? यासाठी काउंटरवर वर्षानुवर्षे बसणाऱ्या नोकराचे, जुन्या गिऱ्हाइकाचे, घरातील वडीलधाऱ्या आईचे मत ऐकावे. त्यांची भागीदारी नसते, सहीचा अधिकार नसतो. लेस्टरच्या त्या प्रेक्षकाप्रमाणे ते नुसते पाहत असतात. आणि रिकामी झालेली जागा बहुधा त्यांनाच प्रथम दिसते.